चौथ्या दिवशीचा आकडा

चौथ्या दिवशी पहाटे नर्सने बोट टोचलं
आणि आकडा पाहून परत टोचलं.
एकशे चार.
नॉलबेर्तो म्हणाला, दुसऱ्या कुणाचं रक्त असेल.

वजन दोन किलोने उतरलं, तेही पाणीच.
पट्ट्याचं भोक तेच.
अकरा वर्षं फ्रिजमध्ये यीस्टच्या डब्याशेजारी
मी त्याची इन्सुलिनची पेनं ठेवत आले,
ताल्काउआनोच्या धक्क्यामागच्या आमच्या बेकरीत,
जिथे तीनला भट्टी पेटते
आणि चाखल्याशिवाय पाव विकायचा नाही
हा त्याच्या बापाचा नियम.

डॉक्टर इतुर्राबाईंनी पावाच्या पिशवीवर
पेन्सिलने आतडं काढून दाखवलं:
इथे पोट अंड्याएवढं ठेवलं,
इथला रस्ता तोडून पुढे नेऊन जोडला.
म्हणजे बायपास, मी म्हटलं,
मावशीचं दुकान ज्याने बसलं, तसला.
त्या हसल्या. इथे उलटं आहे.
आतड्याचं खालचं टोक म्हणजे शेवटची वस्ती,
आजवर तिथे पोचायचं ते उरलंसुरलं.
आता जेवण थेट दारात.
ती वस्ती दचकून जागी होते,
रक्तातून स्वादुपिंडाला सांगावा धाडते: ऊठ, आलंय.
आणि तो म्हातारा, ज्याला आम्ही गेल्यात जमा धरलं होतं,
इन्सुलिन घेऊन वेळेवर उभा.
थोडं श्रेय उपासाचंही, असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

मी ती पिशवी घडी घालून घरी आणली.
म्हणजे तो मेला नव्हता.
त्याला नीट हाक जात नव्हती.

पोटातले कावळेही गप्प झाले.
भट्टीसमोर उभं राहून नॉलबेर्तो
आपण जेवलो का, हे मला विचारायचा.

दीड वर्षाने भाचीच्या बारशाला
दुधात भिजलेला केक, दोनच घास.
दोन तासांनी ओट्याला धरून उभा,
घामाने शर्ट चिकटलेला, बोटं थरथरत,
आकडा अठ्ठेचाळीस.
सांगावा जरा मोठ्यानेच गेला होता,
म्हातारा सगळं कोठार उघडून बसला.
साखरेला ज्याला बंदी होती
त्याच्या तोंडात मी साखर घातली.

आता तो पाव चाखत नाही.
उलटा करून बोटाच्या पेराने ठोकतो,
कान लावतो.
पोकळ वाजला की झाला.

पेनं दोन उरलीत. मुदत कधीच टळली.
टाकू का, म्हटलं,
तर म्हणतो, राहू दे,
यीस्टला शेजार आहे.