फणसाचा ठोकळा

पडेल तिठ्यावर चहा घेताना
आमचं तिघांचं अजून जमत नाही
की त्या दिवशी काटा किती पौंडांवर होता.
इनास म्हणतो, नव्वद.
धाकू मेस्त्री म्हणतो, "नव्वदार तुझो बापूस चललो असतो,
साठ होते, साठ."
आणि बशीत ओतलेला चहा पुन्हा कपात ओततो.

बांधकाम खात्याचा वाफेवरचा रोलर.
नाकाडावर पितळी घोडा, मागच्या पायांवर उभा,
आणि वर हुसेन मापारी, डोक्याला ओला पंचा.
गावात लग्न असलं तरी शिट्टी वाजवायचे नाहीत,
"वाफ काय तुज्या बापाशीची?"
कोळसा बंदरावर अडला की करवंट्या जाळायच्या,
करवंट्या संपल्या की काजूची टरफलं.
त्या धुराने तोंडावर उठलेले फोड
मी बाराव्या वर्षी शाळेत मिरवलेत.

माझं काम आठ आणे रोजाचं.
घोडा आमसुलाने घासायचा,
आणि रोलर थांबला की चाकापुढे
फणसाचा ठोकळा सरकवायचा.
एवढंच.

आता वाघोटणचा उतार.
धाकू सांगतो, गिअर बदलताना खिट्टी निसटली.
इनास सांगतो, दातेच झिजले होते,
तीन अर्ज केले होते कणकवलीला.
मी सांगतो, उतारच वाईट.

पळाला असता तर गोष्ट वेगळी.
हा निघाला, जेवून उठलेल्या व्याह्यासारखा,
कुणाची घाई नसल्यागत.
चाचांनी जन्मात पहिल्यांदा शिट्टीची दोरी ओढली,
मग खाली उतरले
आणि तापल्या पत्र्यावर हात ठेवून बाजूने चालू लागले,
"रव रे, रव, खंय चललंस, रव मरे,"
पाड्याला समजवावं तसं.

इतका सावकाश अपघात मी पुन्हा पाहिला नाही.
येसू गाबतीण वाळत घातलेली सुकट सुपात भरून घेऊन गेली,
परत आली, राहिलेली केरसुणी उचलली.
एकाने विडी पेटवली आणि तोही सोबत चालू लागला.
फक्त कंत्राटदार शिरोडकरांची नवी फियाट
खाली धक्क्यापाशी उभी,
किल्ली त्यांच्या खिशात,
आणि ते तरीत, खाडीच्या मधोमध,
दोन्ही हात वर करून ओरडताहेत.

फियाट आंबापोळीसारखी पसरली.
हॉर्न तेवढा बराच वेळ वाजत राहिला.
रोलर चिखलात गेला, गुडघाभर, कमरेएवढा,
मग भरती आली.
आग विझतानाचा सुस्कारा विजयदुर्गापर्यंत ऐकू गेला
असं इनास सांगतो. खोटं आहे. सांगू दे.

चौकशीत चाचांनी लिहून दिलं, चूक माझी.
नोकरी गेली.
पुढे रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात लागले.
वीसेक वर्षं ओहोटीला धुराडं दिसायचं,
त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसायचा.
मग भंगारवाले गॅसकटर घेऊन आले.

परवा पुण्याहून दोन मुलं आली,
जुन्या वाफेच्या गाड्यांची वेडी.
वही काढली. कंपनी कोणती? नंबर? चाकाचा व्यास?
धाकूने फावड्यावर भाजलेल्या बांगड्याची चव सांगितली.
इनासने ती एकदाच ऐकलेली शिट्टी काढून दाखवली,
पुढचे दोन दात नाहीत त्याला,
तरी समोरची एसटी थबकली.
"आणि घोडा?" एकाने विचारलं.
"चोरलो कोणीतरी," दोघं एकदम म्हणाले.
चाळीस वर्षांत पहिलं एकमत.
मी चहाचे पैसे दिले.

घोडा माझ्याकडे आहे. तांदळाच्या कणगीत.
उडी मारली तेव्हा हातातच आला,
स्क्रू कधीचे सैल होते.
त्याआधी, उताराच्या तोंडावर,
गिअर बदलायला थांबलो तेव्हा
मी नाकाडावर बसून त्याचे कान घासत होतो,
एक कान राहिला होता,
आणि चाचांनी वरून विचारलं,
"ठोकळो घातलंस मां?"
मी म्हटलं, होय.