हळदीचा डाग

गुरुवारी दुपारी मी तिला धुते
मार्केट यार्डातल्या नळाखाली,
आधी पुढचे पाय.
बोटांच्या बेचक्यांतली हळद निघता निघत नाही.
लग्नघरात लावतात,
मी दर आठवड्याला उतरवते.

तिचं नाव वावटळ.
जतकडच्या कुणा पैजबाजानं ठेवलेलं.
कारवानी जात, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी,
सुटली की म्हणे धूळसुद्धा मागं राहायची.
एका शर्यतीत मांडी फाटली,
मग पैज नाही, मालक नाही.
आमच्या वखारीत शिरली आणि थेट
तोलाईच्या काट्यावर जाऊन बसली.
एकोणीस किलो सातशे.
वहीत अजून ती नोंद आहे,
गिऱ्हाइकाचं नाव कोरं.

परीक्षा दोघींची होती.
पाठीमागं स्टीलचं ताट आपटलं,
तिनं कान हलवला नाही. मी दचकले.
व्हीलचेअर अंगावर आणली,
ती बाजूला सरकली. मी "अगं बाई" म्हणाले.
परीक्षक मॅडमनी कागदावर लिहिलं:
कुत्री पास. बाईंनी कमी बोलावं.
दुसऱ्या खेपेला मी तोंडात लवंग धरून गेले.

मिरजेच्या दवाखान्यात वरचा मजला
लांब मुक्कामाच्या पेशंटांचा.
पॅसेजच्या अलीकडं बायका, पलीकडं पुरुष.
पहिल्याच खाटेवर चंपाबाई मगदूम:
"नको गं, माझं चातुर्मासाचं आहे."
चातुर्मास संपून महिना झाला, अजून तेच म्हणतात.
हल्ली मात्र आम्ही पुढं गेलो की मागून विचारतात,
"हिला भाकरी कोण घालतं?"

उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेला श्रेणिक
आईशी बोलत नाही, डॉक्टरांशी नाही.
तिच्या मांडीवरची टाक्यांची रेघ बोटानं मोजतो,
मग स्वतःची.
"हिला बावीस. मला एकतीस."
थोडा वेळ थांबून, भिंतीकडं तोंड करून:
"मी जिंकलो."

आणि मौलाचाचा.
उजवी बाजू गेलेली, शब्द अर्धवट.
चाळीस वर्षं सतारी घडवल्या,
कोरडा भोपळा नुसत्या आवाजावरून ओळखायचे.
पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं
वावटळीच्या बरगडीवर टिचकी मारली.
कान खाली आणला. पुन्हा टिचकी.
"वा... वाळला," म्हणाले, "चां-गला."
फिजिओची मुलगी पेन उघडून तशीच उभी,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं तिला कळेना.

उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा
कुणाचा तरी उसना आणून ठेवल्यासारखा.
तो हलला नाही.
हे सांगितलेलं बरं, कारण लोक मला तेच विचारतात:
मग, हलला का?
नाही हलला.
ती मात्र दर वेळी पलीकडून वळसा घालून यायची
आणि हनुवटी त्याच हातावर टेकवायची.
कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.
मी पट्टा सैल धरून, लवंग चावत उभी.

परवाच्या गुरुवारी ती खाट मोकळी होती.
ताजी चादर, कोपरे घट्ट खोचलेले.
मी पुढं निघाले, पट्टा ताणला गेला.
वावटळ थांबलेली.
वळसा घालून पलीकडं गेली,
जिथं हात असायचा तिथं हनुवटी ठेवली,
मग एक पायही.
सिस्टर म्हणाल्या, "डिस्चार्ज झाला."
कुठल्या दारानं, मी विचारलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली.
तेवढ्या वेळात श्रेणिकनं तीनदा मान वळवून पाहिलं,
आपला नंबर कधी येतो म्हणून.

ती उठली तेव्हा पांढऱ्या चादरीवर
पिवळं पाऊल, चारी बोटं स्पष्ट.
एवढं घासूनही.
सिस्टर डाग बघत राहिल्या.
"हे निघत नाही हो."

"उन्हात टाका," मी म्हणाले,
"हळदीचा डाग उन्हात उडतो.
साबणानं लाल होतो. धुऊ नका, नुसतं उन्हात..."
आणि बोलतच राहिले.
लवंग केव्हाच संपली होती.