मार्चचं पान

गाडी जरा मागे घ्या, फोटोवाला म्हणाला.
आणि लुयांडोला : बूट काढ,
त्या आंब्याखाली उभी राहा. हसू नकोस.
मुटिंटा आतून ओरडली, आटपा लवकर,
हिची बस चुकली की मलाच पळावं लागतं,
त्यात आज ऑडिट.

वर्षाने परदेशातून कॅलेंडर आलं.
मार्चच्या पानावर लुयांडो, अनवाणी,
खाली एकच शब्द : आशा.

हामूंगा हसत सुटला.
मग गप्प झाला.

लुसाकातल्या त्या स्वयंपाकघरात
गीझर गळून भिंतीवर डाग पडला होता,
मुटिंटाने कॅलेंडर नेमकं तिथे टांगलं.
आशेखालच्या चौकोनांत आता तिचं गिचमिड अक्षर :
सातला गाडीचा हप्ता.
बाराला दाताचा डॉक्टर.
एकोणीसपासून सासूबाई, आठवडाभर, देवा.
वीसला लुयांडोला नवे बूट.
जुने चावतात.