काय झालंय तुला

चौथीच्या पटावर तो सतरावा. इंद्रजित खोत.
स्वतःच्या नावाला 'हजर' म्हणायचा,
खडू मोडावा तसं, तुटक.
पण कुणी आलेलं नसलं
आणि मी तेच नाव दुसऱ्यांदा घेतलं
की बाकाखाली जायचा.
तिसऱ्यांदा घेतलं की कान झाकायचा.

"काय झालंय रे तुला?"
विचारलं होतं मी. विचारलं म्हणजे
फूटपट्टी टेबलावर आपटून.
पोरं हसली. मी हसू दिलं.
हे इथं लिहून ठेवते, कारण
सेवापुस्तकात असल्या गोष्टींना रकाना नसतो.

कोल्हापुरात प्रशिक्षण होतं.
पंख्याखालची खुर्ची धरून मी पेंगत होते,
पुढच्या रांगेत भडंगाची पुडी फिरत होती.
एवढंच कानावर पडलं:
भ्यालेलं पोर धडा ऐकत नाही, ते दार शोधत असतं.
वहीत लिहून घेतलं. खाली किराण्याची यादी.

मग त्याची आई आली, डेअरीला दूध घालून परतताना,
रिकामी किटली हातात, उंबऱ्याबाहेरच उभी.
"पुरात आज्जा ऱ्हायला न्हवं का, बाई.
म्हसरं सोडाय माघारी फिरला.
छावणीत यादी वाचत हुती, भोंग्यावर.
आज्ज्याचं नाव तीनदा घेतलं.
ह्यो माझ्या मांडीवर.
चौथ्यांदा घ्या म्हणून वरडत हुता."

त्या रात्री हजेरीपट उघडून
लाल शाईतले 'गै' नुसते बघत बसले.

आता मी नावं पुकारत नाही.
खिडकीशेजारी फळी, फळीवर अठ्ठावीस खिळे.
येईल त्यानं आपला बिल्ला अडकवायचा,
सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण, वर रंगानं नाव.
मोकळ्या खिळ्याची बातमी मी आधीच काढते,
सकाळी सातपासून फोन.
तंजिला मामाकडं, इचलकरंजीला. सोमवारी येणार.
वेदराजच्या पायाला गळू. घरात बसून बिस्किटं खातोय.
या वर्गात कुणी नुसतं 'नाही' नसतं.
नसलेलं माणूस कुठंतरी असतंच.

हे पूर्ण खरं नाही, मला माहीत आहे.
त्यालाही.

केंद्रप्रमुख म्हणाले, "हे काय दुकान मांडलंय?"
पट मी मधल्या सुट्टीत भरते, निळ्या-लाल शाईत, गुपचूप.
जुलैत बंधाऱ्याची पातळी स्टाफरूममध्ये
कुणी मोठ्यानं वाचायची नाही, असं ठरलंय.
लांबीचा धडासुद्धा फूट टाळून वितीनं घेतला.
तर हाच उभा राहिला:
"बाई, एकोणचाळीस फूट म्हंजे किती विती?"
वर्ग गप्प. मी फळ्यावर मांडून दाखवलं.
मोठ्या माणसाच्या बावन्न.
त्यानं हवेत मोजायला सुरुवात केली,
सात-आठ झाल्यावर थांबला.
"आज्ज्याला पवाय येत हुतं," म्हणाला, आणि खाली बसला.
बाकावर.

गेल्या आठवड्यात मी दोन दिवस तापानं आडवी.
परतले तर फळीच्या टोकाला एकोणतिसावा खिळा,
वाकडा, दगडानं ठोकलेला.
त्याला टोचलेली चिठ्ठी:
बाईंना ताप हाय. घरी हायत. बुधवारी येनार.

शुद्धलेखन मी दुरुस्त केलं नाही.
तो दप्तर मांडीवर घेऊन बघत होता.
"काय झालतं तुमास्नी?"
तेच माझे शब्द, फूटपट्टीवाचून.

स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले
आणि पहिल्या दिवशीच्या थंडीपासून
सगळं सांगत गेले.