बारा बंद

आमच्या सोलापूरला थंडी
चुकीच्या स्टेशनावर उतरल्यासारखी येते.
तीन आठवडे, फार तर चार.
मग ऊन आहेच, घरच्या माणसासारखं.
म्हणून आलेली थंडी आम्ही वाया घालवत नाही.

डिसेंबर लागला की बाळी वेशीतल्या माझ्या मशिनीवर
पांढरं कापड चढतं.
ब्लाउजं, परकर, शाळेचे युनिफॉर्म,
सगळ्यांना एकच उत्तर : गड्डा होऊ द्या.
आता फक्त बाराबंदी.
पांढऱ्यावर सगळं दिसतं,
हळदीचं बोट, मशिनीचं तेल,
जांभई देताना डोळ्यातून ओघळलेलं पाणीसुद्धा.
दिवसातून दहादा हात धुते मी.
गार पाण्यानं बोटं अशी होतात
की सुई टोचली तर दुसऱ्या दिवशी कळावं.

मापाला येणारा माणूस थंडीनं आखडून येतो,
आणि आखडलेल्या अंगाचं माप खोटं निघतं.
म्हणून टेपच्या आधी माडगं.

हुलगे कोरडे भाजायचे, वास शेजारी जाईपर्यंत.
दळायला नेले की गिरणीवाला कुरकुरतो,
पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाला हुलग्याचा वास लागतो म्हणे.
लागू दे. तेवढीच त्याची संक्रांत.
गुळाच्या पाण्याला उकळी, चिमूटभर सुंठ,
पीठ कालवून ओतायचं आणि ढवळत राहायचं.
गुठळी झाली तर समजावं,
मन भलतीकडे होतं.

भुवना, माझी भाची, पुण्याहून सुट्टीला आलीय.
तिनं माडगं काचेच्या बरणीत ओतलं,
बरणीच्या गळ्याला जरीची फीत बांधली,
वर दालचिनीची काडी उभी केली.
फोटो नीट येईपर्यंत साय धरली.
"मावशी, याला नाव काय देऊ?"
नाव आहे की त्याला. आधी पी.
प्यायली. ओठावर मिशी उमटली.
मग बरणी राहिली बाजूला
आणि पातेलं पुसून खाल्लं पोरीनं.
काडी मी धुऊन परत डब्यात टाकली.

पलीकडची नरसम्मा येमूल
कारखान्यातली दुय्यम चादर पांघरून येते,
मोर उलटा विणला गेला म्हणून स्वस्तात सुटलेली.
अशा ऐटीत येते, जशी पैठणीच.
म्हणते, उलट्या मोराचं थंडीला काय कळतंय?
पेला रिकामा करते उभ्याउभ्याच,
तिच्या मागाला सुट्टी नाही.

काल इरप्पाकाका आले.
एकतीस वर्षं नंदीध्वज पेललेला माणूस.
वहीत गेल्या साली छाती : चाळीस.
टेप अडतीसला थांबली.
पुन्हा फिरवली.
टेपला काय, भीड नसते.
"किती भरलं?"
"तेवढंच," म्हटलं, आणि पेला हातात दिला.
दोन्ही तळव्यांत धरून ते बराच वेळ नुसती वाफ घेत बसले.
मग म्हणाले, यंदा सुंठ जरा जास्त झालीय.
नव्हती झाली.

रात्री कापड बेतलं ते चाळीसचंच.
शिवलं अडतीस.
मधले दोन इंच आतल्या बाजूनं दुमडून
कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले,
उसवायला एक ओढ पुरेल अशा.

आज ते घालून बघायला आले.
आरशात बघितलं, खांदे मागे घेतले,
बाही बरोबर, घेर बरोबर,
फक्त बोटं बंदांशी झटापट करत राहिली.
मी दोऱ्याचं रीळ शोधायला लागले, हातातच असलेलं.
भुवना फोन उपडा ठेवून उठली.
काही न बोलता एकेक गाठ मारत गेली,
खांद्यापासून खाली.
अकराव्या बंदाला काका म्हणाले,
"शेवटचा आवळू नको गं बाई,
अजून एक पेला प्यायचाय."