दीड मिलिमीटर

धुडकू आप्पा बडगुजरांनी लेन्स आणून दिली
बाजरीच्या पिठाच्या पिशवीत.
"बुरशी लागेल शे," म्हणाले. "देख भो, जमस का."

मे महिना. अमळनेरात पंचेचाळीस.
दोन दिवस पत्र्यावर ठेवली फडक्यात गुंडाळून,
तेव्हा कुठे वर्षानुवर्षं अडून बसलेली कडी
अर्धा सूत हलली.
आमच्याकडे ऊन निम्मा मिस्तरी.
बिघाडही त्याचाच असतो म्हणा,
आतलं वंगण वितळवून यानंच तर
पात्यांवर नेऊन चिकटवलेलं.

उरलेला निम्मा मिस्तरी मी, जेवणाच्या टेबलावर.
पुतण्याचा डिव्हायडर घासून टोकदार केलेला,
त्याची दोन टोकं दोन खाचांत.
पुढची पट्टी निघेना, तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून
तळहाताचं सगळं वजन दिलं.
काच बाहेर आली.
आत कोळ्यानं घर मांडावं तशी बुरशी,
काठापासून मधोमध निघालेली.
पेरॉक्साइडच्या दोन थेंबांत गेली.
तिची वाट मात्र काचेवर राहिली,
नखाला लागत नाही, कलती धरली तरच दिसते.
ती फोटोत येत नाही. आप्पांना सांगावं लागेल.

"मशीनचं तेल घाल ना दोन थेंब," कोकिळाताई म्हणाली,
ब्लाउजला हुक लावता लावता.
नाही. पाती कोरडीच लागतात.
ताईच्याच डाग काढायच्या पेट्रोलात कापूस बुडवला,
आठ पाती पुसली, पुन्हा पुसली,
मग ती मिटली पापणीसारखी,
आणि मी उगाच तीन-चारदा उघडमीट केली.

तेवढ्यात काहीतरी उडालं.
पोलादी गोळी. मोहरीपेक्षा लहान.
फरशीवर एकदा वाजली, मग नाही.

झाडलं. चाळलं. पंखा बंद करून
घामाघूम, टॉर्च फरशीला टेकवून, पोटावर सरकलो.
शेवटी तिच्याशिवायच लेन्स जोडली.
मागे ट्रेसिंग पेपर चिकटवून खिडकीतून पाहिलं:
पाण्याची टाकी उलटी, टाकीवरचा कावळा उलटा,
आडव्या आठावर दोन्ही स्वच्छ.
झालं की काम.

आप्पांनी कडी फिरवली. पुन्हा फिरवली.
कानाशी नेली.
"वाजत नाही."
मी म्हटलं, आकडे दिसतात ना, आवाज कशाला?
ते काही बोलले नाहीत. लेन्स माझ्या हातावर ठेवली
आणि हात धरला तो जरा भलतीकडेच, मनगटाच्या वर.
तेव्हा लक्षात आलं.
पूर्ण उघडी, तिथून तिसरी टक म्हणजे आठ.
लग्नाचे मांडव ते किती वर्षं बोटांनी मोजत होते,
कुणाला ठाऊक.

पुढले चार दिवस घरात कुणी केर टाकला नाही.

पाचव्या दिवशी ताईनं टाचण्या वेचायचा लोहचुंबक
दोऱ्यानं फरशीवरून ओढला, रोजच्यासारखा,
आणि टाचण्यांच्या झुबक्यात बोट घालून म्हणाली,
"हे काय रे, मणी?"

पुन्हा उघडली. खाचेत स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळी,
श्वास धरून वर कडी.

आप्पा ओट्यावरच बसले, चप्पल न काढता.
डोळे मिटून फिरवली.
टक.
टक.
टक.
"आठ," म्हणाले,
आणि मग सोळापर्यंत जाऊन परत आले.
"आते वाजस."

काचेवरच्या वाटेचं सांगायचं राहून गेलं.