निधान

चोर्ला घाट चढून आलं हे यंत्र,
दुधाच्या टेम्पोत, गोधडीत गुंडाळून.
हणजुण्याच्या एका गेस्टहाऊसवाल्यानं
मेहुण्याचे वायरिंगचे पैसे बुडवले
आणि पैशाच्या जागी हे दिलं:
पितळी पोट, लांब दांडा, दाबाचा एक काटा.
मेहुणा म्हणाला, बघ भावोजी, तुमच्याच कुळातलं दिसतंय.

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी हायड्रॉलिक सिलिंडर जोडले,
दोनशे बारला तपासून, खडूची खूण करून
बाहेर पाठवले.
इथं दाब फक्त नऊ.
नऊ बारपुढं मी पंधरा दिवस
नुसता उभा.

तापायला ठेवलं की काटा लगेच चढतो.
तो खरा नव्हे.
आत अडकलेली हवा फुगून बसलेली असते.
वाफेची तोटी जरा सैल करायची,
फुस्स करून तिला जाऊ द्यायचं.
काटा पडतो.
मग जो सावकाश वर येतो, त्याच्यावर भरवसा.
(आमच्या गल्लीत अशी माणसं किती,
ते मी मोजत बसत नाही.)

दळण रव्यासारखं पडलं तर पाणी सुसाट सुटतं,
पिठी झाली तर दांडा हलत नाही.
आणि दाब उतरायच्या आत मूठ सोडवली तर
काय होतं, ते छताला विचारा.
चुना मारला तरी डाग वर येतोच.
शेवंता तो पाहुण्यांना दाखवते,
नव्या पंख्याच्या आधी.

दांडा वर. पाणी पुडीत मुरू द्यायचं.
इथं मी मोजतो, आणि मोजतो कन्नडमध्ये:
ओंद, यरड, मूर, नाक...
कारण थांबणं मला बसलिंगनं शिकवलं,
शेजारच्या लेथवर, मी अठराचा असताना.
हत्यार जरा जोरात दाबलं की तो म्हणायचा,
निधान, निधान.
मी मराठी शाळेतला. मला वाटायचं,
ह्या लोखंडात पुरलेलं धन आहे
असं काहीतरी सांगतोय हा.
दोन महिने मी चिपांत शोधत होतो.
मग फोरमन हसला:
अरे, हळू म्हणतोय तो तुला.

आता दांडा खाली. सगळं अंग घालून नाही,
खांद्याचं वजन तेवढं.
धार काकवीसारखी यावी,
आधी काळी, मग तांबूस,
फिकी पडायला लागली की कप काढायचा.
उरलेलं पाणी कशाचंच नाही.

नागपंचमीच्या सुमाराला दांड्याच्या बुडातून
थेंब गळायला लागले.
पिस्टनची रिंग गेली.
परदेशी रिंगेला दीड महिना, वर टपाल, वर जकात.
बसलिंगनं शहापुरात अजून एक लेथ ठेवलाय,
नातू तक्रार करतो तरी.
पहिली टेफ्लॉनची रिंग सैल. कॉफी पिस्टनच्या मागं.
दुसरी एवढी घट्ट की दांडा मध्येच बसून राहिला,
रुसल्यासारखा.
तिसरीला व्हर्नियर बाजूला ठेवून
उरलेल्या तीन बोटांनी त्यानं काठ चाचपला,
पुन्हा एकदा लेथवर धरली.
केसाएवढं उतरलं असेल.

रविवारी तो घरी आला.
राकसकोपचं पाणी आलं होतं त्या दिवशी, बोअरचं नव्हतं,
आणि टाकीतली पुटं मी आदल्या रात्रीच
लिंबूसत्वानं सोडवली होती.
रिंगेला ग्रीसचं बोट लावलं. दांडा वर.
ओंद, यरड, मूर.
त्यानं कपात वाकून पाहिलं.
इष्टेन?
एवढंच?

निधान कुडी, मी म्हणालो.

पण त्यानं तीन चमचे साखर घालून
एका घोटात संपवलं होतं,
आणि कप बाजूला सारून
यंत्राला कान लावून बसला होता,
दांडा परत येताना आत कुठं
करकरतंय का, ऐकत.